तीन कुलुपांची पेटी

गेल्या श्रावणांत आमच्या घरीं एक लहानसा प्रसंग घडला. आमच्याकडे गेलीं अकरा वर्षें धुण्याभांड्यास येणाऱ्या बाईंचा नवरा बांधकामाच्या परांचीवरून पडला व पायाचें हाड मोडून अंथरुणास खिळला. आमच्या थोरल्या वहिनींनीं घरांतील सुनांकडून थोडथोडे पैसे गोळा केले आणि ते बाईंच्या हातीं ठेवले. बाईंनीं ते मोजले व त्या म्हणाल्या, “काकू, हे वहींत लिहून ठेवा. दिवाळीपासून दरमहा फेडीन.” वहिनी म्हणाल्या, “अहो, हे उसने नव्हेत. मदत म्हणून दिले आहेत.” बाई त्यावर कांहींच बोलल्या नाहींत. पैसे पदराला बांधून गेल्या. परंतु दुसऱ्या दिवशीं मुलीच्या वहीचा एक कोरा कागद घेऊन आल्या, त्यावर रक्कम व तारीख लिहून घेतली, आणि मगच कामास लागल्या.

रात्रीं जेवणाच्या वेळीं ह्यावरून घरांत दोन पक्ष झाले. आमचे धाकटे बंधु म्हणाले, “अडचणींत असतां एवढा ताठा कशाला?” आमच्या सूनबाई सहसा अशा बोलण्यांत पडत नाहींत, पण त्या म्हणाल्या, “काका, तो ताठा नव्हे. दान घेतलें कीं देणाऱ्यासमोर मान खालीं घालावी लागते. ती त्यांना घालावयाची नाहीं, एवढेंच.” वादाचा निकाल लागला नाहीं, आमच्या घरांत तो सहसा लागतहि नाहीं. आम्ही गप्प बसलों, कारण आमच्या डोक्यांत त्या वेळीं भलतेच लोक येऊन उभे राहिले होते. ते लोक म्हणजे दोनशें वर्षांपूर्वींचे इंग्लंडांतील विणकर, खाणकामगार, चांभार व शेतमजूर. पस्तीस वर्षें इतिहास शिकविलेल्या मनुष्याची ही खोड वाचकांस ठाऊकच आहे.

ह्या लोकांनीं आपसांत ज्या संस्था काढल्या त्यांस इंग्रजींत फ्रेंड्ली सोसायट्या म्हणत. शब्दशः ‘मित्रमंडळ्या’, अर्थानें ‘परस्पर-साहाय्य-मंडळ्या’. आम्ही येथें नुसतें ‘मंडळी’ म्हणूं. कल्पना अगदीं साधी आहे. पन्नास-साठ मजुरांनीं दर आठवड्यास किंवा दर महिन्यास थोडे पैसे एका पेटींत टाकावयाचे. त्यांतला जो आजारी पडेल त्यास, तो बरा होईपर्यंत, आठवड्यास ठरलेली रक्कम द्यावयाची. आणि जो मरेल त्याची प्रेतयात्रा नीट काढून त्याच्या विधवेस कांहीं रक्कम पोंचती करावयाची. ह्यांत दाता कोणी नाहीं आणि याचकहि कोणी नाहीं. आज जो देतो तोच उद्यां घेतो.

आपल्या वाचकांस ह्याचें महत्त्व एकदम पटणार नाहीं, आणि त्यांत त्यांचा दोष नाहीं. एकत्र कुटुंबांत मनुष्य आजारी पडला म्हणजे कोणी औषध आणतें, कोणी उशाशीं बसतें, कोणी त्याच्या मुलांच्या शाळेची फी भरतें; आणि वेळ आलीच तर चार खांदेकरी न बोलावितां दारांत उभे राहतात. ही आपल्या घरची मंडळीच होय. तिची वर्गणी आपण पैशांत मोजीत नाहीं एवढेंच. परंतु जो मनुष्य गांव, शेत, भाऊबंद सोडून मँचेस्टरच्या गिरणींत किंवा वेल्सच्या खाणींत गेला, त्याच्या दारांत कोण उभें राहणार? हा शेजारी आयर्लंडचा, तो यॉर्कशायरचा, तिसरा कोठला तें त्याचें त्यासच ठाऊक. अशा लोकांनीं मंडळींत एकमेकांस ‘ब्रदर’ म्हणण्याचा प्रघात पाडला. तो निव्वळ शिष्टाचार नव्हता. ज्यांचे भाऊ दूर राहिले होते त्यांनीं वर्गणी देऊन नवे भाऊ केले होते.

सरकारची मदत नव्हती काय? होती, पण ती कशी होती तें पाहिलें पाहिजे. इंग्लंडांत गरिबांचा भार त्या त्या पॅरिशवर, म्हणजे चर्चच्या हद्दींतील गांवावर असे. १६६२ च्या कायद्यानें परगांवाहून आलेल्या गरिबास त्याच्या मूळ पॅरिशमध्यें परत धाडतां येई. १८३४ च्या नव्या कायद्यानें तर असें धोरण ठरविलें कीं, धडधाकट मनुष्यास मदत पाहिजे असेल तर त्यानें वर्कहाउसमध्यें, म्हणजे अनाथ-दरिद्र्यांच्या सरकारी कोंडवाड्यांत, जाऊन राहावें. तेथें नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, मुलें तिसरीकडे. आणि त्याच्या दोनच वर्षें आधीं, १८३२ सालीं, शवविच्छेदनाचा कायदा झाला होता. वर्कहाउसांत मेलेल्या मनुष्याच्या प्रेतावर कोणी हक्क सांगण्यास आलें नाहीं तर तें वैद्यकीय विद्यालयांत विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठीं देण्याची ह्या कायद्यानें सोय केली. पूर्वीं जी शिक्षा खुन्यांच्या प्रेतास होती ती आतां दारिद्र्यास झाली, असें गोरगरिबांस वाटलें. पोटास चिमटा घेऊन मजूर आपल्या प्रेतयात्रेसाठीं पैसे कां सांठवी, ह्याचा उलगडा येथें होतो. जिवंतपणीं ज्याला कोणी विचारलें नाहीं, त्यास निदान मेल्यावर तरी आपल्या नांवाची शवपेटी व मागें चालणारीं माणसें हवीं होतीं. अंत्यसंस्काराविषयीं आपण इतके हळवे असतां ह्यास कोण हंसेल?

आतां ही मंडळी चाले कशी तें सांगतों, कारण खरी गंमत तेथेंच आहे.

मंडळीची बैठक बहुधा गुत्त्यांत भरे. वाचक दचकतील; परंतु मजुरास बसावयास ऊब असलेली मोठी खोली दुसरी नव्हतीच. गुत्तेवाला खोलीचें भाडें घेत नसे. त्याच्या मोबदल्यांत प्रत्येक सभासदानें बैठकीच्या दिवशीं अमुक इतक्या पैशांची बीअर घेतलीच पाहिजे असा अलिखित, आणि कित्येक ठिकाणीं लिखितहि, नियम असे. ह्याला ‘ओलें भाडें’ असें मोठें समर्पक नांव होतें. पुढें मद्यनिषेधवाद्यांस हें सहन न होऊन त्यांनीं १८३५ सालीं सॅल्फर्ड येथें रेकबाइट नांवाची निराळी मंडळी काढली; बायबलांत ज्या रेखाबाच्या वंशजांनीं द्राक्षासव वर्ज्य केलें त्यांच्यावरून हें नांव पडलें. ते वंशज तंबूंत राहत म्हणून ह्या मंडळीच्या शाखांस ‘तंबू’ म्हणत.

नांवांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतों. सर्वांत मोठ्या मंडळ्यांपैकीं एकीचें नांव ऑडफेलोज्, म्हणजे शब्दशः ‘विचित्र गडी’. तिचा मँचेस्टर येथील संघ १८१० चा. दुसरी फॉरेस्टर्स, म्हणजे ‘वनरक्षक’. तिच्या सभासदांनीं वन पाहिलें असेल तर फक्त चित्रांत, पण शाखांस ‘दरबार’ म्हणावयाचें, कमरेस पट्टे बांधावयाचे, परवलीचे शब्द ठरवावयाचे, असा सारा थाट. आम्ही तरुणपणीं ह्या गोष्टी वाचतांना हंसत असूं. आतां वाटतें कीं, दिवसाचे बारा-चौदा तास ज्यास मुकादम नांवानेंहि हांक मारीत नाहीं, त्यास महिन्यांतून एक संध्याकाळ पट्टा बांधून ‘बंधु उपाध्यक्ष’ म्हणवून घ्यावेंसें वाटलें तर त्यांत हंसण्यासारखें काय आहे?

खोलीच्या मध्यभागीं टेबलावर पेटी. हीच मंडळीचें दैवत. स्कॉटलंडांतील बोनेस बंदराच्या खलाशांनीं १६३४ सालीं जी मंडळी स्थापिली तिचें नांवच ‘समुद्र-पेटी’. पेटी ओकच्या लांकडाची, लोखंडी पट्ट्यांची, आणि तिला बहुधा तीन निरनिराळीं कुलुपें. तीन किल्ल्या तीन पदाधिकाऱ्यांपाशीं. तिघे हजर झाल्यावांचून झांकण उघडावयाचें नाहीं. पैसे सर्वांसमोर मोजावयाचे, सर्वांसमोर लिहावयाचे, आणि सर्वांसमोर पुन्हा कुलुपें लावावयाचीं. एकमेकांवर विश्वास नव्हता म्हणून ही व्यवस्था होती असें नव्हे. विश्वास राहावा म्हणून ती होती.

येथें आम्हांस एक कबुली देणें भाग आहे. आम्ही ज्या शाळेंत होतों तेथें एका पावसाळ्यांत शिपाई वारला. आम्हां शिक्षकांनीं वर्गणी करून त्याच्या विधवेस रक्कम नेऊन दिली. ती उंबऱ्याच्या आंत उभी होती. तिनें पैसे घेतले, पण वर पाहिलें नाहीं. परततांना कोणीतरी म्हणालें, आपण आधींच कां जमवूं नये? आणि दरमहा थोडे पैसे टाकून शिक्षक व शिपाई मिळून एक निधि सुरू केला. पेटी एका सहकाऱ्याच्या घरीं राहिली. किल्ली एकच, तीहि त्याच्यापाशीं. गृहस्थ सज्जन, वयानें वडील. पहिलीं चार वर्षें वार्षिक हिशेब वाचला गेला. मग एके वर्षीं राहिला. दुसरे वर्षीं कोणी विचारलेंच नाहीं. आम्हीहि विचारलें नाहीं. वडील माणसास हिशेब कसा मागावा, ही भीड. पुढें त्यांच्या घरीं मुलीचें लग्न व पाठोपाठ आजारपण निघालें, आणि जेव्हां एका शिपायास शस्त्रक्रियेसाठीं पैसे हवे झाले तेव्हां पेटींत चिठ्ठ्यांशिवाय कांहीं नव्हतें. ते गृहस्थ आमच्यासमोर रडले. चोर ते नव्हते. परत टाकूं म्हणून त्यांनीं पैसे घेतले होते. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. आमच्या भिडेनें त्या शिपायास भीक मागावयास लाविलें, आणि एका सज्जनाचें नांव घालविलें. लँकेशायरचे निरक्षर विणकर आमच्यापेक्षां शहाणे होते, हें आम्हांस फार उशीरा कळलें.

मंडळ्यांचे नियमहि वाचण्यासारखे असत. बैठकींत शिवी दिली तर दंड, दारू पिऊन आला तर दंड, दुसरा बोलत असतां मध्यें बोलला तर दंड, आणि सभासदाच्या प्रेतयात्रेस विनाकारण गैरहजर राहिला तर दंड. आजाऱ्याकडे मंडळीचे दोघे जाऊन त्याची विचारपूस करीत. ही सहानुभूति तर खरीच, पण तो खरोखर आजारी आहे कीं नाहीं ह्याची पाहणीहि त्यांतच उरके. मदत घेणारा मनुष्य अंधार पडल्यावर बाहेर दिसला किंवा कोठें काम करतांना सांपडला तर त्याची मदत बंद. मारामारींत झालेली जखम किंवा दुर्वर्तनानें जडलेला रोग ह्यास मदत नाहीं. थोडक्यांत, आपले पैसे आहेत हें ओळखून ते जपण्याची ही रीत होती. ईस्टरनंतरच्या सातव्या रविवारीं व्हिट्सन सण येई. त्याच्या दुसऱ्या दिवशीं, सोमवारीं, सारे सभासद नवे कपडे घालून, निशाण व वाजंत्री घेऊन गांवांतून मिरवत, चर्चमध्यें जात व मग एकत्र जेवत. सॉमरसेट परगण्यांत ह्या मिरवणुकींत प्रत्येकाच्या हातांतील काठीवर पितळेचें चिन्ह असे, आणि प्रत्येक गांवाचें चिन्ह वेगळें. तीं चिन्हें आतां तेथील संग्रहालयांत ठेविलीं आहेत.

ह्या चळवळीचा विस्तार किती होता? ‘रॉबिन्सन क्रूसो’चा कर्ता डीफो ह्यानें १६९७ सालींच अशा मंडळ्यांची योजना लिहून ठेविली होती. गरिबांच्या स्थितीचा कसून शोध करणारा सर फ्रेडरिक ईडन ह्यानें १८०१ सालीं अजमास केला, त्याप्रमाणें इंग्लंड-वेल्समध्यें सुमारें ७,२०० मंडळ्या व ६,४८,००० सभासद होते. आणि १८०३-०४ च्या सरकारी मोजणींत सभासदांची संख्या सात लाखांवर भरली. गिरण्यांचा लँकेशायर ह्यांत आघाडीवर होता. हें सारें कोणा राजाच्या किंवा पुढाऱ्याच्या आज्ञेनें झालें नाहीं, म्हणूनच ह्याचा इतिहास मोठ्या ग्रंथांतून थोडा आणि गांवोगांवच्या दप्तरांत व जीर्ण वह्यांत फार आढळतो.

मात्र कायद्याचें ह्यांच्याशीं नातें दुटप्पी होतें. १७९३ सालीं जॉर्ज रोझ ह्या गृहस्थानें पार्लमेंटांत कायदा करविला. मंडळीनें आपले नियम न्यायाधीशांसमोर ठेवून मंजूर करून घेतले तर तिला पैसे खाणाऱ्या चिटणीसावर दावा लावतां येऊं लागला, आणि तिच्या सभासदास तो प्रत्यक्ष पॅरिशवर भार होईपर्यंत गांवाबाहेर काढतां येईनासें झालें. हेतु उघड होता: मजुरांनीं आपला भार आपण वाहिला तर जमीनदारांचा कर वांचेल. पण तेच मजूर पेटीभोंवतीं बसून मजुरीच्या दराविषयीं बोलूं लागले तर? १७९९ व १८०० च्या कायद्यांनीं कामगारांचे संघ बेकायदा ठरविले होते, तेव्हां कित्येक संघ मंडळीचा बुरखा घेऊन राहिले. ते कायदे १८२४ सालीं गेले. सरकारची भीति मात्र गेली नाहीं.

ह्याची परीक्षा डॉर्सेट परगण्यांतील टॉलपडल ह्या खेड्यांत झाली. तेथील शेतमजुरांची आठवड्याची मजुरी नऊ शिलिंगांवरून आठ, आठांवरून सात झाली, आणि सहा करण्याची बोलणीं सुरू झालीं. जॉर्ज लव्हलेस नांवाच्या मजुरानें, जो मेथॉडिस्ट पंथाचा उपदेशकहि होता, ‘शेतमजुरांची फ्रेंड्ली सोसायटी’ काढली. नव्या सभासदाचे डोळे बांधून त्यास आंत आणीत, मग सोडून मृत्यूच्या सांपळ्याचें एक मोठें चित्र दाखवीत, व गुप्ततेची शपथ देत. ती शपथच नडली. आरमारांतील बंडानंतर १७९७ सालीं केलेला बेकायदा शपथांचा कायदा धुंडाळून काढून मार्च १८३४ मध्यें सहा जणांस सात वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली व त्यांस ऑस्ट्रेलियाकडे धाडलें. देशभर गिल्ला झाला, मोर्चे निघाले, आणि १८३६ सालीं त्यांस माफी मिळाली. सहांपैकीं चौघे जण एकमेकांचे सोयरे होते. म्हणजे भाऊबंदांचीच मंडळी!

आम्हीं आतांपर्यंत गुणच गाइले. पण मास्तरानें दोन्ही बाजू सांगाव्या. ह्या मंडळ्यांचा मोठा दोष नीतीचा नव्हता, अंकगणिताचा होता. तरुण व म्हातारा दोघांकडून सारखीच वर्गणी घेण्याची चाल. आमच्या जुन्या विद्यार्थ्यांनीं पाटी घ्यावी. समजा, चाळीस सभासद, प्रत्येकाची आठवड्याची वर्गणी सहा पेन्स. एकूण २४० पेन्स, म्हणजे वीस शिलिंग. आजाऱ्यास आठवड्यास आठ शिलिंग. सभासद तरुण असतां एका वेळीं दोघे आजारी. सोळा शिलिंग खर्च, चार शिलिंग शिल्लक. वर्षाची शिल्लक २०८ शिलिंग. सर्वजण खुशींत. तेच सभासद वीस वर्षांनीं वयस्क झाले. आतां एका वेळीं चौघे आजारी, बत्तीस शिलिंग खर्च, बारांचा तोटा. वर्षाचा तोटा ६२४ शिलिंग. तीन वर्षांत सांठविलेलें एका वर्षांत उडालें! आणि हें दिसूं लागतांच नवे तरुण त्या मंडळींत येत ना. ते पलीकडच्या गुत्त्यांत स्वतःची नवी मंडळी काढीत. मग उरत ते म्हातारे व रिकामी पेटी. तीस-तीस वर्षें वर्गणी भरलेला मनुष्य अखेर वर्कहाउसच्याच दारांत जाई. तीन कुलुपें चोरापासून पेटी राखूं शकतात. काळापासून राखूं शकत नाहींत.

ह्यावर उपाय मजुरांच्या संस्थेंतूनच निघाला, ही आम्हांस फार मोलाची गोष्ट वाटते. मँचेस्टरच्या ऑडफेलोज्‌चा चिटणीस हेन्री रॅट्क्लिफ ह्यानें आपल्या सभासदांच्या आजारपणाचे व मृत्यूंचे आंकडे गोळा करून १८५० सालीं कोष्टकें प्रसिद्ध केलीं: कोणत्या वयास मनुष्य वर्षांतून सरासरी किती आठवडे आजारी असतो. त्यावरून वयाप्रमाणें वर्गणी ठरविण्याची पद्धत हळूहळू रूढ झाली. त्याच वर्षीं शाखा असलेल्या मोठ्या मंडळ्यांस कायद्याचें पूर्ण संरक्षण मिळण्याचा मार्गहि मोकळा झाला.

दुसरा दोष असा कीं, ज्यास सर्वांत अधिक गरज तोच बहुधा बाहेर राही. रोजंदारीच्या हमालास नियमित वर्गणी कोठून सुचणार? चाळिशी उलटलेल्यास प्रवेश नाहीं. आणि स्त्रियांस मोठ्या मंडळ्यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापर्यंत दारांतच उभें केलें होतें. स्त्रियांच्या स्वतंत्र मंडळ्या मात्र पूर्वींपासून होत्या. यॉर्क येथें कॅथरीन कॅप व फेथ ग्रे ह्या दोन विदुषींनीं १७८८ सालीं एक स्थापिली होती. अशा मंडळ्यांपैकीं कित्येकींत बाळंतपणासाठींहि मदत मिळे, जी पुरुषांच्या नियमावलींत सुचण्याचा संभवच नव्हता! फार गरीब लोक नुसत्या प्रेतयात्रेपुरत्या मंडळ्यांत नांव घालीत, व लहान मुलांचींहि नांवें घालीत. पैशासाठीं आयाच मुलांची हेळसांड करतात, असा बोभाटा प्रतिष्ठितांनीं केला, आणि १८७५ च्या कायद्यानें पांच वर्षांखालील मुलाच्या मृत्यूबद्दल सहा पौंडांहून अधिक घेण्यास बंदी झाली. ज्यांचीं दहांतलीं दोन-तीन मुलें पाळण्यांतच जात त्या आयांनीं तें मुकाट्यानें ऐकून घेतलें असेल.

पुढची कथा थोडक्यांत सांगतां येते. १९०८ सालीं सत्तर वर्षांवरील गरिबांस आठवड्यास पांच शिलिंग पेन्शन देण्याचा कायदा झाला व म्हाताऱ्यांचा भार मंडळ्यांवरून कांहींसा उतरला. १९११ सालीं लॉईड जॉर्ज ह्यांनीं राष्ट्रीय विमा आणला: पुरुष मजुराचे चार पेन्स, मालकाचे तीन, सरकारचे दोन. हा कारभार सरकारमान्य मंडळ्यांमार्फतच चाले, म्हणून त्यांची संख्या फुगली. पण वर्गणी मजुरींतूनच कापली जाऊं लागल्यावर बैठकीस कोण येणार? पेटीच्या जागीं कचेरी आली.

एक ठिकाण मात्र वेगळें. वेल्समधील ट्रेडेगर ह्या खाणींच्या गांवीं १८९० सालीं खाणकामगार व लोखंड-कारखान्यांतील मजूर ह्यांनीं वैद्यकीय मदतीची मंडळी काढली. मजुरीच्या दर पौंडामागें तीन पेन्स. त्यांतून मंडळीनें स्वतः पगारी डॉक्टर नेमले, दाई-परिचारिका ठेविल्या, आणि गांवांतील बहुतेक कुटुंबांस औषधपाणी पुरविलें. ए. जे. क्रोनिन हा तरुण डॉक्टर १९२० नंतर येथें नोकरीस होता. त्याची ‘द सिटाडेल’ ही १९३७ ची कादंबरी येथल्याच अनुभवांतून आली. (तिच्यावरून पुढें १९७१ सालीं हिंदींत ‘तेरे मेरे सपने’ हा बोलपट निघाला, तो आमच्या घरांतील बहुतेकांनीं पाहिला आहे, कादंबरी कोणीं वाचलेली नाहीं.) मंडळीच्या रुग्णालय-समितींत ह्याच गांवचा एक खाणकामगाराचा मुलगा, स्वतः तेराव्या वर्षीं खाणींत उतरलेला, काम करीत असे: अन्यूरिन बेव्हन. १९४५ सालीं तो ब्रिटनचा आरोग्यमंत्री झाला, आणि ५ जुलै १९४८ रोजीं त्यानें साऱ्या देशासाठीं सरकारी आरोग्यसेवा सुरू केली. ट्रेडेगरला जें पूर्वींपासून होतें तेंच आपण सर्वांस देत आहों, अशी त्याची भूमिका होती. त्याच दिवशीं नवा राष्ट्रीय विमाहि अंमलांत आला, आणि त्यांत मंडळ्यांस स्थान उरलें नाहीं. ऑडफेलोज् आजहि आहेत. पण ज्या गरजेंतून ते जन्मले ती गरज त्या दिवशीं सरकारनें उचलली.

आतां कोणी वाचक म्हणतील कीं, हें सारें आपल्याकडे पूर्वींच होतें. नाशिकच्या पांडवलेण्यांत नहपानाचा जांवई उषवदात ह्याचा लेख आहे. त्यानें गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे तीन हजार कार्षापण ठेविले, दोन हजार दरमहा शेंकडा एक व्याजानें, एक हजार पाऊण व्याजानें. श्रेणीची पत एवढी होती हें खरें, आणि आम्हांस त्याचा अभिमानहि आहे. पण तें व्याज भिक्षूंच्या वस्त्रादिकांसाठीं होतें. विणकर आजारी पडला तर काय, ह्याविषयीं लेख मुका आहे. अर्वाचीन काळीं नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनीं १८८४ च्या सुमारास मुंबईच्या गिरणीकामगारांची सभा उभारली. तिला सभासदांची यादी, निधि व नियम नाहींत, असा शेरा सरकारी अहवालांत पडला. शेरा तिरकस होता, पण पेटीवांचून सभा किती टिकते हेंहि त्यांत आलें. १९०९ सालीं कामगार हितवर्धक सभा निघाली. १९०४ च्या सहकारी पतपेढ्यांच्या कायद्यावर इंग्लंडच्या ह्याच मंडळ्यांच्या कायद्याची छाया होती. आणि गिरणगांवांत कोंकणच्या चाकरमान्यांनीं आपापल्या गांवांच्या नांवानें मंडळें काढून, महिन्याची वर्गणी ठेवून, सामायिक खोल्या घेतल्या, तें कोणाचेंहि पुस्तक वाचून नव्हे. त्यांच्या वह्या कोणीं जपून ठेविल्या आहेत काय? आमच्या वाचकांपैकीं कोणाच्या आप्तांकडे अशी एकादी वही असेल तर ती रद्दींत घालूं नये.

बाईंचा पहिला हप्ता दिवाळीच्या आठ दिवस आधींच आला. वहिनींनीं तो घेतला, कागदावर लिहिला, आणि सही केली. मग बाईंनीं आपल्या पिशवींतून तसाच दुसरा कागद काढला व त्यावरहि सही मागितली; तो त्यांच्या घरीं राहतो.